वेंगुर्ल्याच्या खडकांवरील वहिवाटदार
(सिंधुदुर्गच्या जिल्हाधिकाऱ्यांस खुले पत्र)

प्रति,
माननीय जिल्हाधिकारी महोदय,
सिंधुदुर्ग जिल्हा, मुक्काम ओरोस.



आपल्या दफ्तरी रोज जे अर्ज दाखल होतात त्यांत कोणाचा बांध शेजाऱ्याने कोरलेला असतो, कोणाच्या सातबाऱ्यावर भलत्याचेच नाव चढलेले असते, कोणाची पाणंद अडवलेली असते; आणि ज्याचे गाऱ्हाणे असते तो स्वतः सही करतो, नेमल्या तारखेस हजर राहतो, आपली कैफियत आपल्या तोंडाने मांडतो. मी ज्यांच्या वतीने हे पत्र लिहीत आहे त्यांना सही करता येत नाही, तारखेचे भान त्यांना आहे ते केवळ ऋतूंच्या हिशेबाने, आणि त्यांची वहिवाट पिढ्यानुपिढ्यांची असूनही कोणत्याही फेरफारात तिची नोंद झालेली नाही. वेंगुर्ल्यासमोरच्या समुद्रात जे खडक आहेत त्यांवर वसणारे आणि हिवाळ्यात त्यांच्या आश्रयाला येणारे पक्षी हेच ते वहिवाटदार. पत्र खुले ठेवले आहे ते अशासाठी, की यातले थोडे आपल्या हुकुमाने होण्यासारखे असले तरी पुष्कळसे निवतीच्या तांडेलाने, मालवणच्या होडीवाल्याने आणि पुण्या-मुंबईहून येणाऱ्या प्रवाशाने वाचल्यावाचून होण्यासारखे नाही.

वेंगुर्ले बंदरातून हवा स्वच्छ असताना पश्चिमेकडे पाहिले म्हणजे क्षितिजावर काही काळसर ठिपके दिसतात. बंदरापासून ते पंधरा-वीस किलोमीटर, निवतीच्या किनाऱ्यापासून त्याहून पुष्कळ जवळ. नकाशांत त्यांना ‘वेंगुर्ला रॉक्स’ म्हटलेले असते. त्यांतील एका बेटाचे इंग्रजी नाव ‘बर्न्ट आयलंड’, म्हणजे जळके बेट, असे आहे आणि तेथे दीपगृह आहे. रात्री मासेमारीहून परतणाऱ्या माणसाला ते दिव्याने ओळखू येते. दिवसा मात्र त्याची ओळख पटते ती पक्ष्यांच्या विष्ठेने पांढऱ्या पडलेल्या कड्यांमुळे.

जानेवारीत या खडकांकडे जावयाचे ते पहाटे. रात्रभर जमिनीवरून समुद्राकडे वाहणारा मतलई वारा सूर्य वर येईपर्यंत अंगाला झोंबत असतो, पाणी निवळ असते, आणि होडीचे इंजिन बंद केले तर दूरच्या पक्ष्याचा एकच स्वर पाण्यावरून कितीतरी वेळ तरंगत येतो. गेली काही वर्षे मी हा प्रवास शक्य होईल त्या हिवाळ्यात केला आहे, आणि प्रत्येक वेळी मला असे वाटले आहे, की त्याची सुरुवात होडीत बसल्यावर होत नाही, तर आदल्या दिवशी वाळूवर रापण ओढली जाते तेव्हाच होते. दोन्ही बाजूंनी माणसे दोर ओढीत असतात, जाळ्याचा घेर किनाऱ्याकडे सरकत असतो, आतली तारली आणि बांगडा रुप्यासारखा उसळू लागतो, आणि इतका वेळ लाटांवर स्वस्थ बसलेला कुरवांचा थवा एकाएकी उठून डोक्यावर कल्लोळ करतो. त्यांतील बहुसंख्य तपकिरी डोक्याचे कुरव असतात. परंतु ज्या डोक्यावरून त्यांना हे नाव मिळाले ते डोके हिवाळ्यात पांढरे होऊन गेलेले असते, आणि कानापाशी उरलेल्या एका काळपट डागावरूनच नवख्याला त्यांची ओळख करून घ्यावी लागते. लडाख-तिबेटच्या उंच सरोवरांकाठी जन्मलेला हा पक्षी कोकणच्या वाळूवर रापणकरांच्या पायांत घुटमळतो, जाळ्यातून निसटलेल्या मासळीवर आपला हक्क सांगतो, आणि रापणकरही त्याला हाकलीत नाहीत. हे नाते कोणत्याही खात्याने जमवून दिलेले नाही.

होडी किनारा सोडून पुढे गेली, की पक्ष्यांची जात बदलू लागते. प्रथम सुरय भेटतात. कुरवाचे उडणे ऐसपैस, तर सुरयाचे उडणे रेखीव. चोच खाली रोखून तो पाण्यावर गस्त घालतो आणि मासा दिसताच सरळ कोसळतो. पिवळट चोचीचा मोठा सुरय आणि त्याच्याहून लहान, नारिंगी चोचीचा सुरय हे दोन्ही या समुद्रात दिसतात, आणि काळ्या चोचीचे पिवळे टोक मिरवणारा तिसराही त्यांत मिसळलेला असतो. या तिघांना एका खडकावर ओळीने बसलेले पाहणे आणि चोचींच्या रंगांवरून एकेकाचे नाव मनाशी लावणे हा असा आनंद आहे, की ज्याला तो एकदा लाभला त्याला पुढचा हिवाळा कधी येतो याची ओढ लागते. आणखी बाहेर गेल्यावर, दैव अनुकूल असेल तर, स्कुआ नावाचा काळसर दांडगा पक्षी दिसतो. तो स्वतः मासे धरण्याचे कष्ट सहसा घेत नाही. मासा धरलेल्या सुरयाचा पाठलाग करून त्याला जेरीस आणतो आणि त्याने टाकलेला घास हवेतच झेलतो. आणि याहूनही दैव अनुकूल असेल, तर समुद्राच्या तुकतुकीत पृष्ठभागावर भोवऱ्यासारखे गरगर फिरणारे चिमुकले पक्षी दिसतात. ते फॅलारोप. उत्तर ध्रुवाकडील दलदलीत त्यांची घरटी असतात. त्यांच्यात मादीच नराहून देखणी असते आणि अंडी उबविण्याचे काम नर करतो. आणि वीण आटोपल्यावर हे इवलेसे जीव हिवाळा काढण्यास अरबी समुद्राच्या उघड्या पाण्यावर येतात, जेथे बसण्यास एक काडीसुद्धा नसते. ते फिरतात ते खेळ म्हणून नव्हे. त्या फिरण्याने पाण्याला भोवरा पडून खालचे सूक्ष्म जीव वर येतात आणि ते यांचे अन्न होते.

मग खडक समोर येतात. जवळून ते दुरून दिसतात त्याहून उंच आणि त्याहून उघडे वाटतात. लाटेच्या रेषेवर काळा समुद्री बगळा एका पायावर उभा असतो आणि त्याच जातीचा पांढरा बगळा थोड्या अंतरावर. एकाच पक्ष्याची ही दोन रूपे आहेत हे मी प्रथम वाचले तेव्हा मला ते पटले नव्हते. कपारींच्या तोंडाशी पाकोळ्या ये-जा करीत असतात, इतक्या वेगाने की दुर्बीण त्यांच्यामागे धावूच शकत नाही. आणि एका सकाळी, सर्वांत उंच सुळक्यावर, मला बहिरी ससाणा बसलेला दिसला. या पक्ष्याच्या नावावरून तो कानांनी बहिरा असावा अशी पुष्कळांची समजूत होते. वस्तुतः हा शब्द शिकारखान्याच्या भाषेतून आपल्याकडे आला आहे आणि त्याचे मूळ ‘बहर’ म्हणजे समुद्र या शब्दात आहे. बहिरी म्हणजे दर्याकडचा. कित्येक शतकांपूर्वी ज्यांनी त्याला हे नाव दिले त्यांनीही त्याला असाच समुद्राच्या अंगाने येताना पाहिले असले पाहिजे, आणि त्या सकाळी मला वाटले, की नाव आणि पक्षी यांची एवढी नेमकी गाठ मी यापूर्वी कधी पाहिली नव्हती.

आमच्याबरोबर त्या दिवशी एक तरुण छायाचित्रकार होता. त्याने होडी खडकाला लावून वर चढू देण्याची गळ घातली. आमचा तांडेल सत्तरीच्या घरातला, बोलण्यास कमी. त्याने सुकाणू न सोडता एवढेच सांगितले, “ह्यो पाखरांचो गाव आसा. आपण लांबसून बघूचा आनि जावचा.” त्याने कायद्याचे कलम वाचलेले नव्हते, पण या पत्रात मी जे सांगणार आहे त्यातले सर्व त्या दोन वाक्यांत आले होते.

महोदय, वहिवाट सिद्ध करावयाची तर पुरावा लागतो, आणि तो या पक्ष्यांच्या बाजूने चांगला भक्कम आहे. ज्या ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांना आपण १८८५ साली स्थापन झालेल्या काँग्रेसचे एक संस्थापक म्हणून ओळखतो, ते त्याआधी हिंदुस्थानातील पक्ष्यांचे थोर अभ्यासक होते; लक्षद्वीप आणि पश्चिम किनाऱ्याच्या आपल्या सफरीचा जो वृत्तांत त्यांनी १८७६ साली ‘स्ट्रे फेदर्स’ या आपल्या नियतकालिकात छापला, त्यात या खडकांची दखल आहे. त्यानंतर सुमारे पासष्ट वर्षांनी हुमायून अब्दुलअली यांनी येथील सुरय आणि पाकोळ्या यांविषयी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात लेख लिहिले. त्या संशोधनातून आणि पुढच्या निरीक्षणांतून जे चित्र उभे राहिले ते असे, की हे खडक वर्षातून कधीही रिकामे नसतात. होळी जवळ आली की पाकोळ्यांची विणीची लगबग सुरू होते. पावसाळ्यात, माणसांच्या होड्या शाकारलेल्या असताना, सुरयांच्या काही जाती येथे अंडी घालतात. आणि थंडी पडली की उत्तरेचे पाहुणे भोवतालच्या पाण्यावर उतरतात. जमिनीच्या कायद्यात बारमाही वहिवाट म्हणतात ती याहून निराळी काय असते?

पाकोळीविषयी थोडे अधिक लिहिले पाहिजे, कारण हिवाळ्याचे पाहुणे आणि ती यांचे भवितव्य एकाच कड्याला बांधलेले आहे. तिचे घरटे तिच्याच लाळेने घडते. शेवाळ आणि पिसे त्या लाळेत सांधून ती गुहेच्या काळोखात, उभ्या भिंतीला, एक वाटी चिकटवते. त्या काळोखात तिला वाट सापडते ती तोंडाने टकटक आवाज काढून त्याचा प्रतिध्वनी ऐकल्याने. अशा घरट्यांना पूर्वेकडील देशांत खाद्य म्हणून मोठे मोल आहे आणि तेच तिच्या मुळावर आले. २००१ साली चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ या संस्थेच्या कार्यकर्त्यांच्या दक्षतेमुळे या खडकांतील गुहेत चाललेली घरट्यांची चोरी उघडकीस आली. भिंतीपर्यंत पोहोचण्यासाठी आत बांबूंची परांची उभारलेली होती. त्यानंतर संस्थेने आणि वनखात्याने जे रक्षण केले त्याचे ऋण या जिल्ह्यावर आहे. आजही पाकोळी आपल्याकडे आहे ती काही माणसांनी त्या वेळी रात्री जागवल्या म्हणून आहे.

परंतु चोराला पकडता येते; अजाणता येणाऱ्या उपद्रवाला पकडता येत नाही. ‘बर्न्ट आयलंड’ आणि भोवतालचे खडक पक्ष्यांच्या दृष्टीने महत्त्वाचे स्थळ म्हणून अभ्यासकांच्या यादीत समाविष्ट आहेत, पण त्या यादीला कायद्याचे बळ नाही. १९८७ साली जाहीर झालेले मालवणचे सागरी अभयारण्य २९.१२ चौरस किलोमीटरचे असून ते मालवण बंदराच्या परिसरात आहे. हे खडक त्याच्या हद्दीबाहेर राहिले आहेत. इकडे निवतीच्या बाजूने समुद्रपर्यटनाचा ओघ वाढत आहे. नौदलातून निवृत्त झालेली ‘गुलदार’ ही नौका याच टापूत समुद्रतळी उतरवून तेथे पाण्याखालचे संग्रहालय करण्याची योजना पुढे आली. मी या योजनांचा विरोधक नाही. कोकणातल्या मुलाला नोकरीसाठी मुंबईची गाडी धरावी लागू नये असे मलाही वाटते, आणि समुद्र दाखवून त्याचा संसार चालत असेल तर त्याहून चांगले ते काय! परंतु जेथे दिवसाला दोन होड्या जात होत्या तेथे उद्या वीस जाऊ लागल्या, तर त्या वीस होड्यांनी खडकांशी कसे वागावे हे आजच ठरवले पाहिजे. उद्या ठरवू म्हटले तर तोवर वहिवाट पडून जाईल, आणि पडलेली वहिवाट मोडणे किती कठीण असते हे आपल्याइतके कोणास ठाऊक असणार?

हिवाळ्यातील सहलीच्या होडीवर काय चालते ते मी पाहिले आहे. एका होडीतून शेव आणि फरसाण मुठीमुठीने उधळले जात होते, कुरवांचा थवा त्यामागे ओरडत येत होता, आणि मुले टाळ्या पिटीत होती. त्या मुलांचा मला राग आला नाही. पक्षी इतका जवळ आलेला त्यांनी जन्मात पाहिला नसेल. पण ज्या पक्ष्याला मार्च-एप्रिलात हिमालय ओलांडण्यासाठी अंगात चरबी साठवावयाची आहे, त्याचे पोट तळलेल्या पिठाने भरणे हा पाहुणचार नव्हे. दुसऱ्या एका होडीने सुरयांनी भरलेल्या खडकाला अगदी खेटून फेरी मारली, सगळा थवा उडाला, छायाचित्र मिळाले, आणि होडी निघून गेली. तो थवा परत बसला नाही. आम्ही अर्धा तास थांबलो होतो.

तेव्हा माझी पहिली विनंती अशी, की प्रवासी होड्यांच्या परवान्यांत काही अटी घालण्याची तजवीज व्हावी: खडकांवर दीपगृहाचे कर्मचारी आणि रीतसर परवानगी असलेले अभ्यासक यांच्याखेरीज कोणी उतरू नये; पक्षी बसलेल्या खडकापासून होडीने अंतर राखावे आणि त्या टापूत इंजिन मंद करावे; ध्वनिक्षेपक नको, खाद्य उधळणे नको, आणि पाकोळ्यांची वीण चालू असताना गुहांच्या तोंडाशी होडी नकोच नको. सामान पोहोचविणाऱ्या बोटीतून उंदीर बेटावर उतरणार नाहीत एवढी काळजी घ्यावी असेही मी आग्रहाने लिहितो. समुद्रातील बेटांवर माणसामागून आलेल्या उंदरांनी जमिनीवर अंडी घालणाऱ्या पक्ष्यांचा किती संहार केला याचे दाखले जगभर आहेत. या अटींना खर्च जवळजवळ नाही.

दुसरी विनंती मला पहिलीहूनही अधिक जिव्हाळ्याची आहे. आपला तलाठी पूर्वी दर हंगामात शेतावर जात असे आणि कोणत्या गटात काय उभे आहे हे पाहून गाव नमुना बारामध्ये नोंद करीत असे. या पीकपाहणीमुळे कोणत्या साली कोठे भात होते आणि कोठे जमीन पडीक होती हे पन्नास वर्षांनीही सांगता येते. तशीच पक्षीपाहणी या खडकांची दर हिवाळ्यात व्हावी. अभ्यासक येथे येऊन गेले आहेत, त्यांनी उत्तम लिहिले आहे. पण ते पुष्कळसे पाकोळ्यांविषयी आणि सुरयांच्या विणीविषयी आहे. हिवाळ्याच्या पाहुण्यांचा सालवार, एकाच पद्धतीने केलेला, एकाच वहीत राहणारा हिशेब माझ्या पाहण्यात नाही. आशिया खंडातील देशांत १९८७ पासून दर जानेवारीत पाणपक्ष्यांची गणना होते. वेंगुर्ल्याच्या खडकांची सकाळ तिला जोडून घेता येईल.

ती कशी व्हावी याविषयी अनुभवाने दोन गोष्टी सांगतो. गणना होडीतूनच व्हावी, खडकावर उतरून नव्हे. ती दर वर्षी शक्यतो सारख्या भरतीला, सारख्या वेळी व्हावी. आणि पक्ष्यांबरोबर वारा, लाट आणि आसपास मासेमारीच्या किती होड्या होत्या हेही लिहावे, कारण कुरव होड्यांमागे जातात आणि ज्या दिवशी मासळी दुसरीकडे असेल त्या दिवशी खडक ओस वाटतील. काहीच न दिसलेल्या सकाळचीही नोंद व्हावी. ‘निरंक’ हा शेरा महसुलाच्या कागदावर जितका खरा असतो तितकाच तो येथेही खरा आहे. मोठ्या कुरवांच्या बाबतीत विशेष सावधगिरी हवी. त्यांना प्रौढाचा पूर्ण पिसारा येण्यास चौथे वर्ष उजाडते आणि तोवर दर वर्षी त्यांचे रूप पालटते, त्यामुळे चांगल्या चांगल्या जाणकारांची तेथे फसगत होते. अशा वेळी ‘मोठा कुरव, जात ठरली नाही’ एवढेच लिहावे. मी स्वतः आरंभीच्या वर्षांत उत्साहाच्या भरात काही नावे ठोकून दिली होती. आता त्या वह्या चाळताना त्यांतील कोणत्या नोंदीवर विश्वास ठेवावा हे मलाच कळत नाही, आणि ती वर्षे परत येणार नाहीत.

या कामासाठी बाहेरून तज्ज्ञ बोलावण्याची गरज पहिल्या दिवशी भासेल, दहाव्या वर्षी भासू नये. किनाऱ्यावरच्या मासेमाराला पक्ष्यांची नावे पुस्तकातली ठाऊक नसतील, पण कोणता पक्षी कोणत्या मासळीबरोबर येतो आणि कोणत्या वाऱ्याला नाहीसा होतो हे त्याला आपल्या-माझ्याहून अधिक कळते. मारुती चितमपल्ली यांनी ‘पक्षिकोशा’त पक्ष्यांच्या मराठी नावांचा जो संग्रह केला तो रानावनांत राहणाऱ्यांच्या तोंडची भाषा मानाने जवळ केल्यामुळेच. दर्यावरच्या लोकांची नावेही या पाहणीत टिपली जावीत. जेटीवरच्या म्हाताऱ्यांबरोबर त्यांतील काही नावे जात आहेत.

आपल्या अधिकारातील कोणत्या कलमाखाली हे बसेल ते मी सांगू शकत नाही. ते आपले क्षेत्र आहे. मला इतकेच ठाऊक आहे, की येत्या जानेवारीतील एका सकाळी, समुद्र शांत असताना, वनखात्याचा एक माणूस, मत्स्यव्यवसाय खात्याचा एक, वेंगुर्ल्याच्या महाविद्यालयातील चार विद्यार्थी आणि आमचा तो म्हातारा तांडेल यांना एका होडीत बसविणे ही गोष्ट आपल्या एका सहीने होणारी आहे. होडीचे भाडे मी देईन. नोंदवही कोरी, पाने मोजून शिवलेली, माझ्या टेबलावर आहे. तिचे पहिले पान आपण स्वतः येऊन, दिवस आणि वारा लिहून, उघडून द्यावे.



आपला नम्र,
सिंधुदुर्ग जिल्ह्यातील एक पक्षिनिरीक्षक